प्रसूतिपश्चात रक्तस्राव : प्रात्यक्षिक प्रशिक्षण

बाळंतपणानंतर अतिरिक्त रक्त जाऊ लागले, तर ते वेळीच ओळखून थांबवण्याचे हे हातसरावाचे शिक्षण असून ते डॉक्टर, परिचारिका व प्रशिक्षित सुईणींना दिले जाते. ५०० मिलि. रक्त गेले की सावध व्हायचे, हा २०२५ पर्यंतचा रूढ दंडक होता. धडधाकट बाईही काही तासांत दगावू शकते. त्यामुळे नुसत्या पुस्तकी ज्ञानावर येथे भागत नाही.

पहिला धडा रक्त मोजण्याचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातील अभ्यासात (२००६) नजरेचा अंदाज प्रत्यक्ष मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. तेथे वापरलेले साधन साधे आहे : बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची प्लास्टिकची चादर व तिच्या टोकाला मापाच्या खुणा असलेली निमुळती पिशवी.

सरावात प्रशिक्षक गर्भाशयाची प्रतिकृती कमरेला बांधतो, कृत्रिम रक्त वाहू लागते. शिकणाऱ्याने एक मूठ योनिमार्गात, दुसरा हात पोटावर ठेवून गर्भाशय दाबून धरायचे.

आफ्रिकेतील चार देशांतल्या ई-मोटिव्ह चाचणीत (२०२३) अशी मोजपिशवी वापरून गर्भाशयाचे मर्दन, ते आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव व तपासणी हे उपाय एकामागून एक नव्हे, तर एकत्रच सुरू केले गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची उदरशस्त्रक्रिया वा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल मात्र प्रसूतीपासून ३ तासांच्या आतच द्यावे लागते.