जुन्या मोटारीचे काळीज

1964 साली दिल्लीच्या ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. राजधानीच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या त्या दिमाखदार मिरवणुकीने अनेकांना जुन्या गाड्यांचा नाद लावला. मात्र रस्त्यावरून डौलाने जाणारी गाडी पाहणाऱ्याला रंग दिसतो, पितळेची चकाकी दिसते. टपाखाली कोणते इंजिन धडधडते आहे, हे सहसा दिसत नाही. जीर्णोद्धार करणाऱ्यापुढचा खरा पेच तेथेच असतो.

उदाहरणादाखल आपली अँबॅसडर घेऊ. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरलेली ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमधील उत्तरपाडा येथे बनवावयास घेतली. आरंभीचे तिचे इंजिन बाजूच्या झडपांचे होते. रचना साधी, शक्ती बेताची. 1959 साली त्याच्या जागी वरच्या झडपांचे, 1489 घनसेंटिमीटरचे, सुमारे 55 अश्वशक्तीचे इंजिन आले. 1980 च्या सुमारास तितक्याच आकारमानाचे डिझेल इंजिन मिळू लागले, आणि पुढील दशकात जपानी इसुझु बनावटीचे 1800 घनसेंटिमीटरचे इंजिन आले. 2014 साली उत्पादन थांबेपर्यंत बाह्यरूप फारसे बदलले नाही. काळीज मात्र पुनःपुन्हा बदलले.

यातूनच मोह उत्पन्न होतो. बाहेरचा साचा जवळपास तोच असल्याने 1958 च्या गाडीत इसुझुचे इंजिन थोड्याफार खटपटीने बसविता येते. गाडी हलकी पळते, चढावर दमत नाही. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त, म्हणून कित्येक मालकांनी आपल्या पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिने घालून घेतली. त्यांना आज दोष देणे योग्य होणार नाही. त्यांच्या दृष्टीने गाडी हे वाहन होते. वारसा ही कल्पना नंतर आली.

मूळ इंजिन जपावयाचे ठरविले, तर काम सोपे नाही. झिजलेले सिलिंडर पुन्हा बोअर करून किंचित मोठे पिस्टन घालावे लागतात. झीज फार असेल तर स्लीव्ह बसवावी लागते. त्याहून नाजूक प्रश्न इंधनाचा. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि त्याचा पातळ थर झडपेच्या बैठकीचे रक्षण करी. दिल्लीत 1998 साली आणि देशभर 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. हवेच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. परंतु ओतीव लोखंडाच्या जुन्या डोक्यांतील बैठका आता लवकर खचतात, म्हणून तेथे कठीण धातूच्या कड्या बसविणे शहाणपणाचे ठरते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील गॅस्केटे खाते. त्याही बदलाव्या लागतात. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात फेऱ्या घालणाऱ्याला हे ज्ञान पुस्तकाविना होते.

येथे कायद्याचाही प्रश्न आहे. जुन्या वाहनांच्या वापरावर 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात मर्यादा घातली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. प्रथम नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिची चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे नव्या इंजिनाने मिळणारी वेगाची सुखसोय जी ओळख हिरावून घेते, तीच ओळख त्या गाडीला नोंदणीचा हक्क देते.

मग निवड कशी करावी? माझे मत असे, की मूळ ब्लॉक वाचविता येत असेल तर तोच वाचवावा, शक्ती कमी पडली तरी चालेल. तो तडकला असेल आणि सांधता येत नसेल, तर त्याच वंशातील, त्याच काळातील ब्लॉक शोधावा. आणि जुना फेकून न देता जपून ठेवावा. जे बदलले ते लिहून ठेवावे. टणक बैठका घालणे हा जीर्णोद्धार होय. परके इंजिन घालणे ही नवी गाडी बनविणे होय. दोन्ही करण्यास हरकत नाही, परंतु दोहोंना एकच नाव देऊ नये.

आपल्या मुंबईतही हेच घडले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील गाड्या टॅक्सी म्हणून दशकानुदशके धावल्या. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्यांपैकी एखादी कोणी जतन करावयास घेईल, तेव्हा टप उघडून त्याला हाच प्रश्न विचारावा लागेल. गुरुग्रामजवळच्या तावडू येथील वाहन-वारसा संग्रहालयात गाड्या स्तब्ध उभ्या असतात. तेथे इंजिन बोलत नाही. ते रस्त्यावर बोलते, आणि त्याच्या आवाजावरून जाणकाराला गाडीचे खरे वय कळते.