हुबळी-धारवाडची घरं : माळमड्डीच्या कौलांपासून दोन कोटींच्या व्हिलापर्यंत



हल्ली आमच्या हुबळीत विद्यानगर, केशवापूर, गोकुळ रोड आणि तिकडे धारवाडला सप्तापूर, कल्याणनगर, नारायणपूर या भागांत नव्या व्हिलांचे बोर्ड लागलेत. एकाचं माहितीपत्रक हातात पडलं. चकचकीत कागद, आत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : दोन्ही बाजूंनी वारा, समोर खासगी बाग, बसायला व्हरांडा, पावसाचं पाणी साठवायची सोय. वाचून मला हसूच आलं. अहो, यातलं सगळं माळमड्डीतल्या रेल्वेच्या कारकुनाकडे होतं! फक्त त्याला लक्झरी म्हणतात हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आमच्या जोडशहरात अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण जुन्या घरांच्या जाती दोन. हुबळीहून नवलगुंद-अण्णिगेरीकडे निघालात की काळी माती आणि पाऊस कमी. तिथं सपाट मातीचं छत, कन्नडमध्ये मेलमुद्दी, आपलं माळवद. उजेडासाठी छतालाच भोक, त्याला बेळकिंडी म्हणतात. धारवाडच्या पश्चिमेला मलनाड सुरू होतो, तिकडे तांबडी माती आणि रपरप पाऊस, म्हणून उतरतं छप्पर. आधी नळीची कौलं, मग मंगळुरी. बासेल मिशनची मंडळी धारवाडला 1837 मध्येच आली होती. त्याच मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं घाट चढून आमच्याकडे आली. सागवान हल्याळ-दांडेलीचं. पडसाळ, माजघर, मागं हित्तल, हित्तलात विहीर आणि बच्चलमनीत पाण्याचा हंडा. घराचा नकाशा पाऊस आणि माती ठरवत होते, आर्किटेक्ट नव्हे.

मोकळ्या जागेत, गावाबाहेर राहणं मोठं, ही कल्पना मात्र तुलनेनं नवी. त्याआधी श्रीमंत माणूस गावाच्या मध्यात, बाजाराला लागून, वाड्यात राहायचा. हे उलटं कशानं झालं? माझ्या मते दोन गोष्टींनी. एक रेल्वे, दुसरा प्लेग.

सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य कचेरीचं ठाणं धारवाडला होतं. ज्या देखण्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आलं, ती मुळात त्या रेल्वेसाठी बांधलेली. साहेबांचे बंगले, कारकुनांची घरं, सगळं जुन्या गावाबाहेर. 1908 मध्ये ती रेल्वे मद्रास रेल्वेत मिसळली, कचेरी मद्रासला गेली, पण गावाबाहेर राहायची चटक मागं राहिली. प्लेग मुंबईत शिरला 1896 मध्ये, आणि 1898 मध्ये हुबळीत त्यानं थैमान घातलं. हाफकिनची लस इथं त्या वर्षी हजारो लोकांना टोचली गेली. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहिले. दाट वस्ती म्हणजे मरण, हे त्या पिढीच्या हाडात शिरलं. मुंबईत त्याच साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, पुढे त्यातून दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांच्या वसाहती झाल्या. आम्ही तेव्हा मुंबई इलाख्यातच, वारं इकडेही आलं. माळमड्डी हे नावच बघा. मड्डी म्हणजे मुरमाड उंचवटा. उंचावर, पाणी न तुंबणारी, स्टेशनजवळची जागा.

यासाठी पैसा कुठून आला, हा बँकवाल्याचा प्रश्न. उत्तर आहे सहकार. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक 1905 मध्ये निघाली ती गदगजवळच्या कणगिनहाळ गावात, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच धारवाड जिल्ह्यात. पतसंस्थेच्या मागोमाग घरबांधणी आली. श्रीपाद सुब्बराव तालमकींनी 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. धारवाडचं सारस्वतपूर कुणाचं, ते नावातच आहे. अशा वस्तीत नफा कमावणारा बिल्डर मध्ये नसतो. जमीन एकत्र घ्यायची, प्लॉट पाडायचे, ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं.

1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. भाषेबद्दल खूप लिहिलं गेलंय, मोजमापाबद्दल कुणी लिहीत नाही. जुनी मंडळी जागा गुंठ्यात सांगायची. नंतर बेंगळूरची ‘थर्टी-फॉर्टी’ आली. तीस बाय चाळीस म्हणजे 1,200 चौरस फूट, गुंठ्याहून (1,089 चौरस फूट) जरासं जास्त. चार गुंठ्यांत वाढलेल्या माणसाच्या मुलाचं घर एवढ्या जागेत आलं, आणि सगळ्यात आधी हित्तल गेलं. सिटी सर्व्हेचा नंबर आणि उतारा हे शब्द मात्र अजून टिकून आहेत.

मी बँकेत लागलो तेव्हा घरासाठी कर्ज म्हणजे अनुत्पादक खर्च मानला जायचा. राष्ट्रीयीकरणानंतर आमचा भर शेतीवर आणि लघुउद्योगावर. लोक पीएफ काढायचे, एलआयसीकडून घ्यायचे, बायकोच्या पाटल्या मोडायचे. त्यामुळे घर हप्त्याहप्त्यानं वाढायचं. आधी दोन खोल्या, गिलावा नंतर, आणि गच्चीवर सळ्या उघड्या ठेवलेल्या, पुढेमागे मजला चढवू म्हणून. विद्यानगरच्या मागच्या गल्ल्यांत अशा गंजलेल्या सळ्या मी आजही दाखवीन. 1977 मध्ये एचडीएफसी निघाली, 1988 मध्ये नॅशनल हाउसिंग बँक, आणि हळूहळू आम्ही सगळेच या धंद्यात उतरलो. कर्ज एकदम मिळू लागलं, तसं घरही एकदम पुरं होऊ लागलं. घराची रचना बदलायला हे एक मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

आता आजचा हिशेब. व्हिला दोन कोटींची धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 75 लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 75 टक्के देते, म्हणजे दीड कोटी. पन्नास लाख आपले. मुद्रांक शुल्क अधिभारासह 5.6 टक्के आणि नोंदणी, जी ऑगस्ट 2025 च्या अखेरीस 1 वरून 2 टक्के झाली, मिळून 15 लाख 20 हजार. हे कर्जात धरत नाहीत, तेही आपलेच. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी हप्ता बसतो महिना 1 लाख 30 हजारांच्या वर. पहिल्या वर्षाचं व्याजच साडेबारा लाखांच्या पुढे. आणि जीएसटीच्या कायद्यात परवडणारं घर म्हणजे 45 लाखांपर्यंतचं! मधल्या माणसानं कुठं जायचं, ते त्या कायद्यात नाही.

किंमत चढायला कारणं खरी आहेत. 2008 मध्ये धारवाडला हायकोर्टाचं पीठ आलं, 2016 मध्ये आयआयटी. दोन शहरांमधला बीआरटीएसचा रस्ता झाला, त्यासाठी दुतर्फाची झाडंही गेली. मुंबई-पुण्याला निवृत्त झालेले आपले लोक गारव्याच्या आशेनं इकडे परततात. पण दोन कोटी नक्की कशाला द्यायचे? पश्चिमेला भिंतभर काच, आणि मग ती तापते म्हणून एसी. छताला पन्हळ नाही, कारण नकाशात सपाट शोभून दिसतं. हुबळीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिथं पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. तो खर्च माहितीपत्रकात दिसत नाही, इटालियन मार्बल दिसतो. विकत घेणाऱ्यानं पायाची खोली विचारावी, नळाच्या कंपनीचं नाव नंतर.

आणि पाणी! सवदत्तीच्या मलप्रभेचं पाणी आमच्या बऱ्याच भागांत कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं. म्हणून हुबळीत घर बांधताना पहिला खड्डा जमिनीतल्या टाकीचा, संपचा. नऊ लाख त्रेचाळीस हजारांचं शहर होतं 2011 मध्ये, आता वाढलंच असणार. तिथं क्लबहाउसात पोहण्याचा तलाव. बोअर आटली की टँकर, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये.

जुन्या घरांचं काय होतंय, तेही सांगतो. मुलं पुण्याला किंवा अमेरिकेत, घरात एकटी आजी. व्हॅल्युअरचा अहवाल येतो. त्यात जमिनीचा बाजारभाव भरघोस, आणि बांधकाम घसारा वजा जाता जवळजवळ शून्य. सागवानी खांब, मंगळुरी कौलं, विहीर, सगळं मिळून भंगाराचा भाव. असे अहवाल नोकरीत मी शेकड्यांनी पाहिले. हिशेबात चूक काही नसते. पण त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीच्या गेटवर जुन्या घराचे कोरीव खांब सजावटीला लावलेले मी पाहिलेत, आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून वेगळे घेतलेले.

हुबळीच्या देशपांडेनगरात गंगूबाई हनगलांचं ‘गंगालहरी’ लोक बघायला जातात, धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर जपलंय, साधनकेरीत बेंद्र्यांचं. मोठ्या माणसांची घरं राहिली, ठीक आहे. शेजारच्या पोस्टमास्तरांचं कोण जपणार?

तर एक विनंती. माळमड्डी, सारस्वतपूर, सप्तापूर, देशपांडेनगर इथल्या घरांची जुनी खरेदीखतं किंवा बांधकामाच्या वह्या कुणाकडे असतील, तर भाव वाचता येईल असा फोटो टाका. गुंठ्याचा दर, कौलांचा शेकडा, गवंड्याची मजुरी, जे मिळेल ते. शक्य तर विहीर किती हातांवर लागली होती, तेही लिहा.