बारांतली पाच

विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांत मांडणारे लक्षात राहतात, प्रयोगातली पिल्लं जगवणारे सहसा नाही. अ‍ॅक्सोलोटलच्या गोष्टीत असं एक नाव आहे आणि मला ते फार आवडतं.

अ‍ॅक्सोलोटल म्हणजे बेडकाचा दूरचा नातलग. दिसायला पालीसारखा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. मूळ गाव मेक्सिको शहराजवळची चाल्को आणि सोचिमिल्को ही सरोवरं. बेडूक मोठा झाला की पाण्याबाहेर येतो, हा पठ्ठ्या येतच नाही. कल्ल्यांसकट मोठा होतो आणि पाण्यातच अंडी घालतो. थोडक्यात, जन्मभर पोरच!

१८६४ साली, फ्रेंच सैन्य मेक्सिकोत असताना, पॅरिसमध्ये ओग्युस्त द्युमेरिलच्या हाती यातले सहा जण आले. पाच नर, एक मादी. पुढच्याच वर्षी अंडी झाली, आणि त्यातून वाढलेल्या काही पिल्लांनी चक्क कल्ले टाकले आणि जमिनीवर राहणारा सॅलमँडर होऊन सगळ्यांना गोंधळात टाकलं. हे होतं कशामुळे? जर्मनीत फ्रायबुर्गच्या ऑगस्ट वाइजमानने करून पाहिलं, जमलं नाही. मग मारी फॉन शोव्हां या बाईंनी पिल्लं सांभाळायला घेतली.

१८७४ च्या जूनमध्ये त्यांच्याकडे आठेक दिवसांची पाच पिल्लं होती. बारांतली उरलेली पाच. पिल्लं अतिशय नाजूक असतात, पाणी, ऊब, खाणं यात जरा इकडेतिकडे चालत नाही, हे त्यांनी बजावून लिहिलंय. आधी भरपूर खायला घालून पिल्लं धट्टीकट्टी केली, मग हळूहळू पाणी कमी केलं. पाचही जमिनीवर आली. वाइजमानने त्यावर उत्क्रांतीचा मोठा ऊहापोह केला. माझ्या मते मात्र त्या पाच पिल्लांचं जगणं हाच खरा पराक्रम.

आजही घरी अंडी फुटली की प्रश्न तेच असतात. दोनतीन दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर असतं, नंतर हलेल तेच खातं. म्हणून आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं, तीही रोज ताजी. उरलेलं खाणं काढायचं, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने पाणी बदलायचं. पुढचे पाय फुटले की भावंडंच एकमेकांचे पाय तोडतात. पाय पुन्हा उगवतो खरा, पण वेगळं ठेवलेलं बरं. तळाला खडे नकोत, गिळतात. पाणी १६ ते १८ अंश, २४ च्या वर तर नकोच (आपल्याकडच्या मे महिन्याचं काय करणार, सांगा!). शोव्हांबाईंसारखं त्यांना जमिनीवर आणायचा हट्ट मात्र घरी करू नये. त्यात कित्येक दगावतात, आणि जगलेच तर आयुष्य कमी होतं.

असो. काचेच्या टाक्यांत पिल्लं वाढत राहिली, तिकडे चाल्को आटवलं गेलं. सोचिमिल्कोत १९९८ साली चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलोटल होते, २०१४ साली जेमतेम ३६. बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे अंडी आणि पिल्लंच फस्त करतात.

मग टाकीतले तिकडे सोडा की, असं कुणीही म्हणेल. तितकं सोपं नाही. प्रयोगशाळेतल्या वंशात १९६२ साली वाघ्या सॅलमँडरचं रक्त मिसळलंय, शिवाय टाकीतले रोग सरोवरात जायची भीती. त्यामुळे मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले संशोधक वेगळ्या वाटेने गेलेत. सरोवरातल्या चिनांपांच्या, म्हणजे पाण्यात भराव घालून केलेल्या शेतांच्या कडेचे अरुंद कालवे शेतकऱ्यांना बरोबर घेऊन ते अडवतात. तोंडाला गाळण लावली की पाणी आत येतं, मासे बाहेरच राहतात.