आभाळातला डोळा आणि दारातली हाक
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत चंद्रयानाचा विषय निघाला. एका मावशींनी सरळ विचारलं, "अगं, आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि हे पैसे आभाळात कशाला उडवतात?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आज त्याचंच उत्तर शोधू या. चंद्राची गोष्ट बाजूला ठेवू आणि वादळाची गोष्ट ऐकू.

मावशींचा प्रश्न तसा जुनाच आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून आपल्या देशातला पहिला अग्निबाण उडाला, तेव्हाही तो विचारला गेला होता. तिथलं कार्यालय म्हणजे गावातलं जुनं चर्च. या कामामागे होते विक्रम साराभाई. त्यांचं म्हणणं असं, की श्रीमंत देशांशी शर्यत लावायला आपण अवकाशात जायचं नाही. हवामान, दळणवळण, शिक्षण अशा लोकांच्या गरजांसाठी जायचं.

थुंब्याला हवामानाची वेधशाळा उभारली ती एका बाईंनी, हे मात्र फार जणींना माहीत नसतं. त्यांचं नाव अण्णा मणी. त्या मूळच्या केरळच्या. १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात होत्या. तिथल्या उपकरण विभागाच्या त्या प्रमुख झाल्या, आणि त्यांच्या हाताखाली शंभरावर पुरुष काम करत. पाऊस, वारा, ऊन मोजायची उपकरणं परदेशातून न आणता इथेच बनावीत आणि ती अचूक असावीत, यासाठी त्या झटल्या. माप चुकीचं असेल तर अंदाज बरोबर कुठून येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता वादळाकडे वळू. चक्रीवादळ जन्मतं समुद्रावर, आणि समुद्रावर वेधशाळा नसते. पूर्वी एखादं जहाज त्यात सापडलं आणि त्यानं संदेश धाडला, तरच बातमी कळायची. हे चित्र बदललं १ एप्रिल १९६० रोजी. अमेरिकेनं टायरॉस-१ नावाचा उपग्रह सोडला. तो जेमतेम ७८ दिवस चालला, पण ढगांचं भलंमोठं चक्र वरून कसं दिसतं, ते त्यानं दाखवलं.

पण दिसलं म्हणजे वाचलं, असं नसतं. १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रच्या किनाऱ्यावर, कृष्णेच्या मुखापाशी दिविसीमा भागात मोठं वादळ आलं. समुद्र कित्येक किलोमीटर आत घुसला. सरकारी आकड्याप्रमाणेच दहा हजार माणसं गेली. वादळ येतंय हे हवामान खात्याला कळलेलं होतं. इशारेही दिले गेले होते. पण किनाऱ्यावरच्या झोपडीपर्यंत ते पोचवायचे कसे? तारा तुटलेल्या, फोन नाही, रस्ता नाही.

या ठेचेतून देश शिकला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह गेला. तो ३६ हजार किलोमीटर उंचीवर, आपल्या माथ्यावर जणू एका जागी थांबलेला. त्यामुळे वादळाची चाल वरचेवर टिपता येऊ लागली. आणि त्याच उपग्रहातून किनाऱ्यावरच्या गावांत थेट इशारा पोचवायची सोय झाली. गावात एक यंत्र बसवलेलं असायचं. धोका आला की ते आपोआप चालू व्हायचं, आधी भोंगा वाजायचा आणि मग गावच्या भाषेत सूचना ऐकू यायची. मे १९९० मध्ये त्याच आंध्र किनाऱ्यावर जवळपास तितकंच जोरदार वादळ आलं. या वेळी लोकांना आधीच हलवलं होतं. मृत्यू झाले, पण ते हजाराच्या आत राहिले.

तरी गोष्ट इथे संपत नाही. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळ आलं. आभाळातला डोळा ते पाहत होता. पण लोकांनी जायचं कुठे? पक्के निवारे बोटांवर मोजण्याइतके. पुन्हा सुमारे दहा हजार जीव गेले. त्यानंतर ओडिशानं आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आलं, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना हलवलं. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. त्या वादळावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांत एक होता कल्पना-१. आपल्या कल्पना चावलाचं नाव त्याला दिलेलं आहे.

कुठे दहा हजार आणि कुठे पन्नास! मावशी, आभाळात उडवलेल्या पैशांचा हा हिशेब.

आता खास आपल्या बायकांची गोष्ट. एप्रिल १९९१ मध्ये बांगलादेशात वादळानं एक लाखाहून जास्त माणसं नेली. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. का? इशारा पुरुषांना कळायचा बाजारात, चावडीवर, बाई घरात. नवरा येऊन सांगेपर्यंत घर सोडायचं कसं? कडेवर मूल, हाताला म्हातारी सासू, पायात अडकणारं लुगडं, पोहायला कधी शिकवलेलं नाही. निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी आणि संडासाची सोय नाही, म्हणूनही बाया मागे राहिल्या. पुढे तिथे बायका स्वयंसेवक झाल्या आणि दारोदार जाऊन हाक देऊ लागल्या, निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी जागा झाली, तेव्हा फरक पडला.

आपल्याकडेही ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई एका दुपारी गेली. बाग उपग्रहाला वाचवता येत नाही. पण वादळ येणार हे आधी कळलं, किनाऱ्यावरच्या हजारो माणसांना हलवता आलं, म्हणून जीवितहानी थोडी झाली.

म्हणून मावशी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. अवकाशातला पैसा वाया जात नाही. पण तो सत्कारणी लागतो तो शेवटच्या दारात हाक पोचते तेव्हाच. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवरून बघतो. उरलेलं अंगण ओलांडायचं काम माणसांचं असतं. आणि नळाचं पाणीही मागायचंच. एक मिळालं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

आज एवढं करा. गावातला पक्का निवारा कोणता, शाळा की समाजमंदिर, तो विचारून ठेवा. तिथे बायकांसाठी संडास आहे का, ते बघा. नसेल तर ग्रामसभेत मागा. रेशनकार्ड, औषधं, बॅटरी एका पिशवीत तयार ठेवा. आणि घरात सगळ्यांसमोर आजच ठरवा, की इशारा आला तर बाईनं कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. मुलाबाळांना घेऊन निघायचं.