रुग्णालयातून परतलेला माजी सैनिक, विडी आणि दूरध्वनीचा आधार

हृदयविकार वा श्वसनविकारासाठी रुग्णालयात दाखल झालेला धूम्रपानी रुग्ण तेथे असेपर्यंत बहुधा विडी-सिगारेटला हात लावत नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने रुग्णालयात धूम्रपानास मनाई आहे. (गोव्याने तर धूम्रपान व थुंकण्यावर बंदी घालणारा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता.) शिवाय आजाराची भीती असते आणि घरच्यांची नजर असते. निकोटिन तुटल्यामुळे होणारी चिडचिड, अस्वस्थता आणि निद्रानाश पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणजे आठवडाभर खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णाने सर्वांत कठीण टप्पा जवळजवळ नकळत ओलांडलेला असतो. घात होतो तो घरी परतल्यावर. सकाळचा चहा, ओट्यावरची बैठक, जुने मित्र आणि हाताशी असलेले पानाचे दुकान, सारे जसेच्या तसे वाट पाहत असते.

हे निरीक्षण आकड्यांनीही पुष्ट केले आहे. जगभरातील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार, रुग्णालयात सुरू झालेले समुपदेशन घरी गेल्यावर किमान महिनाभर चालू राहिले तर धूम्रपान सुटण्याची शक्यता सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. केवळ खाटेशेजारी केलेला उपदेश, कितीही कळकळीचा असला तरी, तसा परिणाम दाखवत नाही. हृदयरोग्याच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो. धूम्रपान सोडणाऱ्या हृदयरोग्यांचा मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो.

उज्जैनसारख्या शहरात हा प्रश्न विशेष बोचरा होतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मध्य प्रदेशातील ३४.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करताना आढळले; गोव्यात हे प्रमाण ९.७ टक्के होते. देशभर सिगारेटपेक्षा विडी ओढणारे अधिक. विडीत तंबाखू कमी म्हणून ती सौम्य, हा समज खोटा आहे. ती विझू नये म्हणून वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. उज्जैनच्या माजी सैनिकाला लष्करी रुग्णालय गाठायचे तर इंदूर ओलांडून महूपर्यंत जावे लागते. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून चालू असलेल्या अंशदायी आरोग्य योजनेमुळे उपचारांचा खर्च भागतो, पण ‘आज विडी ओढली का?’ एवढे विचारण्यासाठी कोणी शंभरेक किलोमीटर येत-जात नाही. तेथे दूरध्वनीच उपयोगी.

दूरध्वनीची सोय देशात आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. १८००-११-२३५६ हा तिचा निःशुल्क क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनावर छापला जातो. पुढे मुंबईचे टाटा मेमोरियल, बंगळुरूचे निम्हान्स आणि गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था तिला जोडल्या गेल्या व प्रादेशिक भाषांतून बोलणे शक्य झाले. नाव नोंदवलेल्यास समुपदेशक पुढे स्वतःहून फोन करतात, ही तिची खरी जमेची बाजू. मात्र पहिला फोन रुग्णानेच करायचा असतो, आणि नुकताच घरी आलेला, आपण सुटलो अशा समजुतीत असलेला रुग्ण तो क्वचितच करतो. समुपदेशक प्रशिक्षित असतात. पण माजी सैनिकांसाठी माजी सैनिकच बोलतील, अशी वेगळी व्यवस्था या सेवेच्या रचनेत नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने त्यांच्यासाठी धूम्रपानमुक्तीची स्वतंत्र दूरध्वनी सेवा चालवली आहे आणि स्वतः आजारातून वा व्यसनातून सावरलेल्या माजी सैनिकांना आधार देण्याच्या कामावर नेमले आहे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांना हात देत आली आहेत.

फौजेत धूम्रपान हे अनेकदा एकट्याचे व्यसन नसते. रात्रीचा पहारा, थंडी, कंटाळा आणि एका काडीवर पेटलेल्या दोन विड्या यांतून ते जडते. ‘सोडून द्या, प्रकृतीला वाईट’ हे वाक्य डॉक्टरकडून ऐकणे वेगळे आणि त्याच चौकीवर उभे राहिलेल्या माणसाने ‘मी पहिले पंधरा दिवस कसे काढले’ ते सांगणे वेगळे.

येथे एक धोका आहे, आणि तो हुद्द्याचा आहे. निवृत्त कर्नलने निवृत्त हवालदाराला फोन केला तर उत्तर ‘जी साहब’ असे येईल आणि फोन ठेवताच विडी पेटेल. सोबती जवळपास त्याच हुद्द्याचा, शक्य तर त्याच भागाचा आणि त्याच बोलीचा असावा. त्याने दटावू नये, औषधे सुचवू नयेत. निकोटिनचा च्युइंगम किंवा गोळ्या हा डॉक्टरांचा विषय. छातीत दुखणे, दम लागणे, टोकाची निराशा असे काही कानावर आले तर विनाविलंब दवाखान्याकडे वळवावे. पहिला फोन घरी आल्यापासून दोन-तीन दिवसांत, नंतर महिनाभर दर आठवड्याला, हे किमान वेळापत्रक धरता येईल. मध्ये एखादी विडी ओढली गेली तर फोन थांबवायचे नाहीत. त्या आठवड्यात तर ते वाढवायचे.

याला मोठा खर्च नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि आरोग्य योजनेचे दवाखाने यांच्याकडे माजी सैनिकांच्या नोंदी आधीच आहेत. रुग्णाची संमती घेऊन डिस्चार्ज कार्डावर ‘धूम्रपान: होय’ या नोंदीपुढे सोबत्याचे नाव लिहिले गेले, तर पहिला फोन रुग्णाने करण्याची गरज उरत नाही. वास्कोतील नौदलाच्या ‘जीवंती’ रुग्णालयातून घरी जाणाऱ्या गोमंतकीय माजी सैनिकालाही हेच लागू पडते. तोवर १८००-११-२३५६ हा क्रमांक घरच्यांनी रुग्णाच्या फोनमध्ये साठवावा आणि पहिल्या वेळी शेजारी बसून लावून द्यावा.