जुनी पिकअप आणि बिग-ब्लॉक: आक्षेपांचा समाचार

जुन्या शेवरोले पिकअपमध्ये बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या घनफळाचं अवजड इंजिन बसवणाऱ्याला अमेरिकेत आज दोन्हीकडून बोल खावे लागतात. जुन्या गाड्या जतन करणारे म्हणतात, कारखान्यातून आली तशीच गाडी राहायला हवी. इंजिन बदललं की तिचा इतिहास पुसला गेला. नव्या यंत्रांचे चाहते म्हणतात, एवढं अवजड धूड पुढे घातलं की गाडी नाकाड होते, वळणावर ऐकत नाही आणि पेट्रोल ढोसते. बदलायचंच तर एलएस घराण्यातलं नवं, हलकं इंजिन घाला. एरवी या दोन पंथांचं एकमेकांशी जमत नाही, पण बिग-ब्लॉक नको, एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत आहे. मला ते मान्य नाही. 1967 ते 1972 या वर्षांतली सी-10 पिकअप समोर ठेवून मी हा पूर्वपक्ष तपासणार आहे, कारण वाद सर्वांत जास्त तिच्यावरूनच होतो.

आधी इतिहासाचा आक्षेप घेऊ. बिग-ब्लॉक हा या गाडीला बाहेरून चिकटवलेला उपरा अवयव आहे, असं तो गृहीत धरतो. वस्तुस्थिती उलटी आहे. 396 घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं बिग-ब्लॉक शेवरोलेने 1968 पासून आपल्या हलक्या पिकअपमध्ये स्वतः देऊ केलं. 1970 मध्ये सिलिंडरचा व्यास थोडा वाढवून तेच इंजिन 402 घनइंचांचं झालं. 454 घनइंचांचं, 7.4 लिटरचं इंजिन 1973 च्या नव्या आकाराच्या पिकअपमध्ये आलं. शेवरोले यात एकटी नव्हती. फोर्डने 1968 पासून एफ-100 मध्ये एफई घराण्यातली 360 आणि 390 घनइंचांची इंजिनं दिली. डॉजने तर 1964 मध्येच डी-100 च्या ‘कस्टम स्पोर्ट्स स्पेशल’मध्ये 426 घनइंचांचं वेज इंजिन घालून 365 अश्वशक्तीची पिकअप विकायला काढली होती. अशा गाड्या फार थोड्या बनल्या. पण कल्पना गॅरेजमधल्या कुणा हौशी पोराची नव्हती, कारखान्याची होती.

कारखान्याने हे का केलं, ते पाहिलं की वादाचं मूळही सापडतं. साठच्या दशकात अमेरिकन माणूस पिकअपच्या हौद्यावर राहण्याची खोली चढवून सुट्टीला निघू लागला. 1968 मध्ये शेवरोलेने खास त्यासाठी लांब हौद्याची ‘लाँगहॉर्न’ काढली. डोक्यावर खोली, मागे बोटीचा ट्रेलर आणि समोर रॉकी पर्वताचा चढ, अशा वेळी सहा सिलिंडरचं इंजिन धापा टाकतं. बिग-ब्लॉक हे त्या चढाचं उत्तर होतं. म्हणून सहा सिलिंडरच्या 1969 च्या सी-10 मध्ये कोणी 396 बसवतो, तेव्हा तो इतिहास पुसत नाही. त्याच वर्षी त्याच विक्रेत्याकडे जास्त पैसे मोजून जी गाडी मिळाली असती, ती तो तयार करतो.

शिवाय पिकअप ही राबणारी गाडी. राबणाऱ्या गाडीचे अवयव झिजतात आणि बदलले जातात, हीच तिची जीवनरीत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन चढवून घेतलेले शेतकरी आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. (आज इथे असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि आरटीओची परवानगी आधी पाहावी.) प्रदर्शनातल्या स्पोर्ट्स कारला लावायची शुचितेची कसोटी ओढणाऱ्या-वाहणाऱ्या गाडीला लावणं म्हणजे नांगराला देव्हाऱ्यातल्या समईचे नियम लावणं होय.

एक अपवाद मात्र मी मनापासून मानतो. या गाड्यांच्या ग्लोव्ह-बॉक्सच्या झाकणावर, गाडी कोणत्या सामानानिशी कारखान्यातून निघाली याचा तक्ता चिकटवलेला असे. तो शाबूत असेल, त्याबरहुकूम मूळ इंजिन जागेवर असेल आणि गाडी फारशी चाललेली नसेल, तर तिला हात लावू नये. अशा गाड्या थोड्या उरल्या आहेत आणि त्या दस्तऐवज आहेत. वाद आहे तो बाकीच्या गाड्यांबद्दल: ज्यांचं मूळ इंजिन कधीच भंगारात गेलं, ज्यांत आधीच दोन-तीन इंजिनं येऊन गेली.

आता वजनाचा आक्षेप. इथे लोक बोलतात फार आणि मोजतात कमी. शेवरोलेचं 350 घनइंचांचं बिडाचं स्मॉल-ब्लॉक भरतं साधारण 260 किलो, तर बिडाचं बिग-ब्लॉक साधारण 310 किलो. फरक पन्नास किलोंचा. सुमारे सतराशे किलोंच्या गाडीत हे प्रमाण तीन टक्के पडतं. हा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळातच हलका असतो, हे मी विसरलेलो नाही. पण ॲल्युमिनियमची हेडं बसवली की त्यातले तीसेक किलो तिथेच उतरतात आणि बॅटरी मागे नेली की आणखी काही. लांबीचंही तसंच. स्मॉल-ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांत 4.40 इंच अंतर असतं, बिग-ब्लॉकमध्ये 4.84. एका ओळीत चार सिलिंडर, म्हणजे तीन अंतरं. एकूण वाढ सव्वा इंचाच्या थोडी वर. त्या गाडीच्या बोनेटखाली ज्याने एकदा डोकावलं असेल, त्याला ही वाढ अडचणीची वाटणार नाही. गिअरबॉक्सकडचे बोल्टही दोन्ही इंजिनांना एकाच आखणीचे आहेत.

ॲल्युमिनियमचं एलएस या दोघांपेक्षा बरंच हलकं आहे, हे खरं. 1997 मध्ये कॉर्व्हेटमधून आलेलं हे घराणं उत्तम आहे. कमी पेट्रोल पितं, थंडीत पहिल्या झटक्याला सुरू होतं, आणि 1999 नंतरच्या ट्रकांमधली त्याची 5.3 लिटरची बिडाची भावंडं भंगारवाड्यात सहज मिळतात. रोज चाळीस मैल कामाला जाणाऱ्याने तेच घ्यावं, असंच मीही सांगेन. पण ‘एलएस सर्वच बाबतींत सरस’ हे विधान चुकीचं आहे, आणि ती चूक कारखान्याच्याच आकड्यांनी दाखवता येते.

जुन्या जाहिरातींतले आकडे मी घेत नाही. 1972 च्या आधी अमेरिकन कारखाने पंखा, एक्झॉस्ट वगैरे ओझं काढून इंजिनाची ढोबळ अश्वशक्ती सांगत, त्यामुळे 1970 च्या शेव्हेलमधल्या 454 ची 450 अश्वशक्ती आजच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. दोन्ही आकडे निव्वळ मापाचे हवेत. 1990 च्या ‘454 एसएस’ पिकअपमधलं बिग-ब्लॉक निव्वळ 230 अश्वशक्ती देई. 1999 चं 5.3 लिटरचं इंजिन 270. इथेच थांबलं तर एलएसवाले जिंकले. पण ओढ पाहा. त्या 454 चा टॉर्क 522 न्यूटन-मीटर होता आणि तो मिनिटाला अवघ्या 1,600 फेऱ्यांवर मिळे. 5.3 चा कमाल टॉर्क 427, तोही 4,000 फेऱ्यांवर. म्हणजे नुकतीच जागची हललेली, मागे ट्रेलर असलेली गाडी चढावर असताना बिग-ब्लॉक निदान बावीस टक्के जास्त ओढतं, आणि तेही आवाज न चढवता. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार; जो फेरे वाढवतो त्याची अश्वशक्ती फुगते. पिकअपचं काम मात्र खालच्या फेऱ्यांतच होतं. बिग-ब्लॉकच्या हेडमधल्या झडपा वेगवेगळ्या कोनांत कललेल्या असतात, म्हणून मेकॅनिकांनी त्याला साळिंदर म्हटलं. त्या रचनेमुळे मोठ्या सिलिंडरला श्वास मोकळा मिळतो. अशा इंजिनाला नुसतं धूड म्हणणाऱ्यांनी ते जुळवून पाहिलेलं नसावं.

पेट्रोलच्या बाबतीत मी वाद घालत नाही. लिटरला चार-पाच किलोमीटर ही गोष्ट खरी आहे आणि ती ज्याला परवडत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

मग या गाड्या बदनाम का झाल्या? कारण निम्म्याअधिक वेळा काम अर्धवट सोडलेलं असतं. 454 चा क्रँकशाफ्ट बाहेरून तोललेला असतो, त्याचा बॅलन्सर आणि फ्लेक्सप्लेट खास त्याचीच लागते. 396 वरची बसवली की इंजिन थरथरतं, बेअरिंगं खातं, आणि दोष बिग-ब्लॉकला मिळतो. सहा सिलिंडरचा रेडिएटर तसाच ठेवतात आणि इंजिन तापलं की कपाळाला हात लावतात. पुढच्या स्प्रिंगा जुन्याच राहतात, आणि नाक खाली गेलं म्हणून ओरड होते. 1972 पर्यंतच्या या गाड्यांत पेट्रोलची टाकी सीटमागे, केबिनच्या आतच असे. ताकद वाढवायची तर ती हौद्याखाली न्यायला हवी. हे सारे दोष जोडणाऱ्याच्या हाताचे आहेत, त्याने निवडलेल्या इंजिनाचे नाहीत.

सर्वांत मोठी हयगय ब्रेकांची. सी-10 ला पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातून सरसकट मिळू लागले ते 1971 पासून. तुमची गाडी त्याआधीची असेल आणि पुढच्या चाकांत अजून ड्रम असतील, तर इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात झाकून ठेवा आणि आधी डिस्क बसवून घ्या.