परवडत नाही का मिस्त्री?

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली चटईवर उताणा असतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन जवळून जातात, थांबतात आणि माझ्या बुटांना उद्देशून विचारतात, “सर, परवडत नाही का मिस्त्री?” प्रश्न आपुलकीचा आहे. हेटाळणी असलीच तर चिमूटभर. पण गेल्या बारा वर्षांत हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की तो एकट्या काकांचा राहिलेला नाही. ते आपल्याकडचे रूढ मत झाले आहे. त्याला बुटांनी उत्तर देऊन भागणार नाही.

आपल्या शास्त्रचर्चेची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो ऐकून प्रतिपक्षानेच मान डोलवावी इतका चोख मांडावा. तो असा : अमेरिकेत लोक घरी गाडी दुरुस्त करतात, कारण तिथे मजुरी महाग आणि घराला गॅरेज जोडलेले. आपल्याकडे मजुरी स्वस्त, मिस्त्री कोपऱ्यावर, आणि गॅरेज सोडा, गाडी लावायला धड जागा नाही. शिवाय पद्मिनीसारख्या साध्या गाड्यांचे दिवस गेले. आजची गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर. त्यात हात घालणारा हौशी माणूस वॉरंटी घालवतो, शंभर वाचवताना हजार बुडवतो आणि जॅक सटकला तर जीवही गमावतो. ज्याचे काम त्याने करावे.

यातले एकही विधान खुळचट नाही. तरीही निष्कर्ष चुकीचा आहे.

कॉम्प्युटर ही पूर्वपक्षाची आवडती ढाल, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. वडिलांची पद्मिनी मी जवळून पाहिली आहे. मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर ती हटकून बंद पडे. मग बॉनेट उघडून इंजिनाला लावलेल्या पेट्रोल-पंपावर ओले फडके गुंडाळायचे, कारण उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटलेला असे. हे गाडी सांगत नसे. पॉइंट जळाले की कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, हे कानाने, नाकाने आणि मागच्या दहा फजित्यांवरून ताडावे लागे. आजची गाडी बोलते. भारत स्टेज-४च्या गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून स्वतःचे दोष स्वतः नोंदवणारी ओबीडी यंत्रणा आणि १ एप्रिल २०१३ पासून तिची पुढची आवृत्ती, ओबीडी-२, बंधनकारक झाली. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात काडेपेटीएवढे स्वस्तातले यंत्र खोचले की मोबाइलवर दोषाचा क्रमांक उमटतो.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी चढावर आचके देऊ लागली. क्रमांक आला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे तो क्रमांक सांगत नाही; तिथे डोके चालवावे लागते. दहा नंबरच्या पान्याने पहिल्या सिलिंडरची कॉइल काढली, दुसऱ्याची काढली, दोन्हींची अदलाबदल केली, जुनी नोंद पुसली आणि सिंहगड रस्त्यावर एक चक्कर मारली. दिवा पुन्हा लागला. आता क्रमांक होता पी०३०२. कॉइलने जागा बदलली आणि दुखणे तिच्या पाठोपाठ दुसऱ्या सिलिंडरला गेले. नाना पेठेतून नवी कॉइल आणली. एक बोल्ट, दहा मिनिटे. ज्या कॉम्प्युटरमुळे घरचा मिस्त्री संपला असे म्हणतात, त्यानेच इथे साक्ष दिली. मग हा साक्षीदार कोणाच्या बाजूचा?

आणि नवी गाडी बिघडते म्हणजे रोज उठून नेमके काय बिघडते? बॅटरी, प्लग, फिल्टर, पट्टा, ब्रेकचे पॅड, रबरी बुश. कॉम्प्युटर स्वतः क्वचितच मरतो. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या आणि विजेवर किंवा हायब्रिडवर चालणाऱ्या गाडीतल्या नारिंगी केबल यांना घरी हात लावू नये, हे मीच बजावून सांगेन. पण ताटात एक मिरची तिखट निघाली म्हणून अख्खे जेवण नाकारायचे का?

जिवाचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिकीतला कात्रीसारखा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला हौशी म्हणू नये, मूर्ख म्हणावे. सपाट पक्की जमीन, जमिनीवर टेकलेल्या चाकांना ठोकळे, उचललेल्या बाजूला दोन लोखंडी घोड्या, आणि मग चटई. एवढे मान्य करून मी उलट विचारतो : पैसे मोजले की ही काळजी आपोआप घेतली जाते, हे कशावरून? टायरच्या दुकानात चाकाचे नट कसे आवळतात ते एकदा उभे राहून पाहा. पान्याच्या दांड्यात पाइप घालायचा आणि पोऱ्याने त्यावर उभे राहायचे. छोट्या गाडीच्या नटाला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो; टॉर्क रेंच तेवढ्यावर ‘टक्’ करून थांबायला सांगतो. पोऱ्याचे वजन असे काही करत नाही. पुढे रात्री महामार्गावर पंक्चर झाले, की तोच नट हलता हलत नाही.

ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ जातीचे कोरे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; ओलावा शोषलेल्यासाठी तोच दंडक १५५ अंशांवर येतो. म्हणजे लांबलचक घाट उतरताना जुने तेल आधी उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल पायाखाली मऊ पडते. म्हणून ते ठरावीक काळाने पूर्ण बदलायचे असते. मी ज्या ज्या गॅरेजात उभा राहिलो, तिथे बहुधा झाकण उघडून वरून थोडे ओतले गेले. ब्रेकची हवा काढण्याचे काम मी एकट्याने करत नाही. पण बदलण्याची वेळ झाली, हे मिस्त्रीला मीच सांगतो. सुरक्षितता नक्की कोणी वाढवली?

वॉरंटीबद्दल थोडक्यात. ती चालू असताना पाना पेटीतच ठेवावा, हा साधा व्यवहार आहे. पण बाहेर पाना लागला की सगळी वॉरंटी बुडाली, ही भीती मात्र अवास्तव आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देताना २,५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला. त्याच आदेशात आयोगाने सांगितले, की बाहेरच्या मिस्त्रीकडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. दंडाचा वाद पुढे अपिलात आणि न्यायालयात गेला. पण ज्याची गाडी सात-आठ वर्षांची आहे, त्याने वॉरंटीच्या नावाने कशाला घाबरावे?

आता गाभ्याचा मुद्दा. मजुरी स्वस्त आहे, मग स्वतः का करायचे? माझे म्हणणे असे, की मजुरी स्वस्त आहे म्हणूनच स्वतः करायचे. गॅरेजला पैसे मिळतात दोन गोष्टींचे : सुट्या भागाचे आणि तो बदलण्याचे. ‘तासभर शोधले, एक बोल्ट सैल होता, आवळला’ असे बिल आले तर आपणच भांडायला उठू. निदानाला आपल्याकडे भाव नाही. ज्याला भाव नाही त्यावर मिस्त्री वेळ का घालवेल? तो भाग बदलून पाहतो. नाही जमले तर दुसरा बदलतो. स्वस्त मजुरीचे बिल आपण सुट्या भागांच्या रकान्यात भरतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीखालून, ती उभी असताना, पत्रा थरथरल्याचा आवाज येऊ लागला. एका मोठ्या वर्कशॉपने सायलेन्सर बदलण्याचा पाच आकडी अंदाज हातात ठेवला. मी त्या माणसाला दोष देत नाही. माझ्या गाडीसाठी त्याच्याकडे वीस मिनिटे होती. माझ्याकडे रविवार होता. सगळे गार झाल्यावर खाली शिरलो आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक भाग ठोकत गेलो. सायलेन्सर भरीव बोलला. त्याच्या पुढच्या नळीवर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो, तो मात्र झणझणला. त्याचा एक बोल्ट गंजून तुटला होता. पाण्याच्या पाइपला लावतात तशी स्टीलची मोठी क्लिप आणून पत्र्याभोवती आवळली. साठ रुपये. आवाज अजून परतलेला नाही.

कौशल्यात कोपऱ्यावरचा पोऱ्या मला दहा वेळा विकून खाईल. माझे भांडवल वेळ आहे, आणि तो त्याला परवडत नाही. काकांचा प्रश्न बरोबर आहे. फक्त विचारायचा माणूस चुकला.

यावर हिशेबी मित्र म्हणतात, तुझ्या तासाची किंमत मिस्त्रीच्या तासापेक्षा जास्त आहे. असेल. पण माझा रविवारचा तास विकत घेतो कोण? रविवारी पहाटे वेताळ टेकडी चढणाऱ्याला ‘परवडत नाही का रिक्षा?’ असे कोणी विचारत नाही.

का विचारत नाही, याचे उत्तर मला वंगणात दिसते. टेकडी चढून माणूस घामाघूम होतो, त्याचे हात काळे होत नाहीत. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, पाने-पकडींना हळदकुंकू वाहतो, बॉनेटवर झेंडूची माळ चढवतो. ते बॉनेट उघडणे मात्र ‘आपले’ काम नसते. कोणाचे असते? या प्रश्नाला आपल्या समाजाने शतकानुशतके दिलेले उत्तर वाचकांना मी सांगायला नको. मजुरी, वॉरंटी, कॉम्प्युटर ही कारणे नंतर जोडलेली आहेत.

हौशी लोक मिस्त्रीच्या पोटावर पाय देतात, असाही एक आक्षेप आहे. तो मिस्त्रीकडून कधी ऐकला नाही. दुखणे कुठे आहे हे सांगत येणारे गिऱ्हाईक त्याला नकोसे का व्हावे?

पूर्वपक्षाचा एकच मुद्दा मला खोडता येत नाही : काळे तेल. वापरलेले इंजिन ऑइल भारताच्या २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते मोरीत ओतणे हा गुन्हा समजावा, आणि घरगुती माणसाकडून ते रीतसर गोळा करणारी सोय माझ्या परिसरात नाही. ज्याला ते कुठे द्यायचे हे ठाऊक नाही, त्याने घरी ऑइल बदलूच नये. मी ते जुन्या कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेतो. त्याच्याकडे पिंप आहे, ते न्यायला माणूस येतो. हाच तो मिस्त्री, ज्याच्याकडे मला पहिल्या वर्षी खाली मान घालून जावे लागले होते : टॉर्क रेंच नसताना मी ऑइलच्या चेंबरचा बोल्ट ‘अजून थोडा, अजून थोडा’ करत आवळला आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. त्याने नवे आटे पाडून दिले, पैसे घेतले, हसला नाही. आता दर वेळी कॅन हातात घेताना तेवढेच विचारतो, “सर, या वेळी किती फिरवलात?”